डिजिटल आरोग्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना: राजपत्र हातात आल्यापासून अंतिम नियम येईपर्यंत

डिजिटल आरोग्याशी संबंधित एखादा मसुदा प्रसिद्ध झाला की दोन-तीन दिवसांत व्हॉट्सॲपवर एक तयार पत्र फिरू लागतं. डॉक्टरांच्या गटात एक, औषध दुकानदारांच्या गटात दुसरं, रुग्णहक्क कार्यकर्त्यांत तिसरं. खाली नाव घाला आणि पाठवा. अशा पत्रांत 'तीव्र निषेध' असतो, 'सर्वसामान्यांवर अन्याय' असतो. कोणत्या नियमातला कोणता शब्द बदलायचा, एवढंच नसतं. मसुदा सुधारायला बसलेल्या अधिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मोठ्या रुग्णालय साखळ्या, विमा कंपन्या आणि ॲपवाल्या कंपन्या पर्यायी मजकूर वकिलाकडून लिहून घेतात. तालुक्याच्या गावातला दवाखाना किंवा आशांची संघटना तेच काम वकिलाशिवाय करू शकते, पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो.

उदाहरणं बहुतेक डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आणि त्याखालच्या नियमांची घेतली आहेत (पुढे 'डेटा कायदा'). आरोग्याच्या नोंदींना सध्या सर्वाधिक स्पर्श करणारा कायदा तोच आहे.

१. आधी कागद ओळखा

सगळ्यात जास्त श्रम इथे वाया जातात. हातात आलेला कागद यांपैकी काय आहे ते ठरवा.

विधेयकाचा मसुदा: मंत्रालयाने संकेतस्थळावर टाकलेला, अजून संसदेत न गेलेला. इथे काहीही बदलू शकतं: व्याख्या, दंड, वयोमर्यादा, सगळं.

सभागृहात मांडलेलं विधेयक: हे संसदीय समितीकडे गेलं तरच तुम्हाला औपचारिक संधी मिळते. आरोग्य मंत्रालयाची विधेयकं पाहणारी स्थायी समिती राज्यसभा सचिवालयाकडे आहे, तर माहिती तंत्रज्ञानाची लोकसभा सचिवालयाकडे. राज्यात विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर विधानमंडळ सचिवालय सूचना मागवतं.

मसुदा नियम: कायदा आधीच झालेला असतो आणि त्याच्या चौकटीतले तपशील ठरत असतात. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम २३ प्रमाणे मसुदा प्रसिद्ध करून आलेल्या हरकतींचा विचार करणं सरकारवर बंधनकारक असतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे नियम असेच येतात. ऑनलाइन औषधविक्रीचा मसुदा २८ ऑगस्ट २०१८ ला आला तो याच वाटेने.

धोरण किंवा मार्गदर्शक तत्त्वं: यांच्यामागे कायद्याचं बळ असेलच असं नाही, पण रोजचं काम यांवरच चालतं. दूरवैद्यक सल्ल्याची (फोनवरून किंवा व्हिडिओवरून उपचाराचा सल्ला) तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेच्या विनियमांना जोडली गेली. नॅशनल डिजिटल हेल्थ मिशनच्या आरोग्य डेटा व्यवस्थापन धोरणाचा पहिला मसुदा ऑगस्ट २०२० मध्ये आला तेव्हा सूचनांसाठी सुरुवातीला जेमतेम आठवडा दिला होता. ओरड झाल्यावर मुदत वाढली.

आता विषय कोणाच्या अखत्यारीत येतो ते पाहा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्य सूचीत आहेत, वैद्यकीय व्यवसाय आणि औषधं समवर्ती सूचीत. डेटा कायदा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहे, आरोग्य मंत्रालयाकडे नाही. खाटा असलेल्या दवाखान्यांची नोंदणी महाराष्ट्रात राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली चालते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. त्यामुळे रुग्णाच्या डेटाची तक्रार आरोग्य मंत्र्यांना आणि नोंदणीची तक्रार दिल्लीला पाठवली, तर दोन्ही पत्रं पोचतात आणि तिथेच राहतात.

तपासणी: एका ओळीत लिहून पाहा. 'हा ___ कायद्याच्या कलम ___ खालचा मसुदा आहे, तो ___ मंत्रालयाने काढला आहे आणि सूचना ___ इथे पाठवायच्या आहेत.' एकही जागा रिकामी राहिली तर पुढे जाऊ नका.

२. तारीख पक्की करा, आणि मागून मोजा

केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधायी सल्लामसलत धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर असला पाहिजे. सोबत त्याची गरज, आर्थिक भार आणि मूलभूत हक्कांवरचा व उपजीविकेवरचा परिणाम सांगणारी टिपणंही हवीत. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते पाळलं गेलं नाही म्हणून दारं आपोआप उघडत नाहीत. तरी पत्राच्या पहिल्या परिच्छेदात त्याचा उल्लेख करून मुदतवाढ मागायला हरकत नाही, कारण मुदतवाढ मिळतेही. डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, सूचनांची शेवटची तारीख १८ फेब्रुवारी होती, ती पुढे ५ मार्च झाली.

मसुदा नियमांत बहुतेकदा 'राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्यापासून अमुक दिवस' असं लिहिलेलं असतं. राजपत्रावरची तारीख आणि प्रती उपलब्ध होण्याची तारीख वेगळी असू शकते. वाद घालायला ही जागा चांगली आहे, पण वेळापत्रक आखताना आधीची तारीखच धरा.

तीस दिवस असतील तर मागून असं मोजा: शेवटचे तीन दिवस पोर्टलसाठी राखीव, त्याआधीचे पाच सह्या व मंजुरीसाठी, त्याआधीचे सात मजकुरासाठी. वाचायला आणि पुरावा जमवायला राहिले पंधरा. संघटनेची कार्यकारिणी महिन्यातून एकदाच बसत असेल, तर मसुदा आला त्याच आठवड्यात दोघा-तिघांना लेखी अधिकार द्या. 'पुढच्या बैठकीत विषय घेऊ' म्हटलं की मुदत संपलीच समजा.

इशारा: 'विधेयक संसदेत येईल तेव्हा बघू' हा हिशेब फार महागात पडतो. डेटा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि सूचनांची वाढीव मुदत २ जानेवारी २०२३ ला संपली. नंतर विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत मांडलं गेलं, कोणत्याही समितीकडे न जाता दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. बोलायची संधी होती ती त्या २ जानेवारीपर्यंतच.

३. मूळ कायदा शेजारी ठेवून वाचा

मसुदा पहिल्या पानापासून वाचू नका. आधी व्याख्या, मग अनुसूची, मग अंमल कधीपासून ते कलम, मग दंड आणि शेवटी मधला मजकूर. खरी मेख अनुसूचीत असते आणि तिथवर बरेच जण पोचतच नाहीत.

वाचताना प्रत्येक आक्षेपापुढे एक खूण करा: हे बदलायला कायदा बदलावा लागेल, नियम बदलला तर पुरेल, की नुसती अधिसूचना चालेल? या एका खुणेने अर्धी पत्रं वाया जाण्यापासून वाचतील. एक उदाहरण सविस्तर बघू.

समजा तुम्ही एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेत आहात. डेटा कायद्यात डेटा फिड्युशरी म्हणजे माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा. संगणकावर रुग्णांच्या नोंदी ठेवणारा दवाखानाही त्यात येतो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये, माहितीफुटीची खबर न दिल्यास २०० कोटी. मसुदा नियमांप्रमाणे फुटीची खबर डेटा संरक्षण मंडळाला (या कायद्याखालची नियामक संस्था) आणि संबंधित व्यक्तीला विनाविलंब द्यायची आणि सविस्तर तपशील मंडळाला ७२ तासांत. साहजिकच ठराव होतो: 'लहान दवाखान्यांचा दंड कमी करा, त्यांना या नियमांतून वगळा.'

नियमांवरच्या सूचनांत ही मागणी केली तर ती वाया गेली. दंडाच्या रकमा कायद्याच्या अनुसूचीत आहेत, नियमांनी त्या बदलता येत नाहीत. मग कोणी म्हणतो, कलम १७(३) आहे ना! आहे. डेटाचं प्रमाण आणि स्वरूप पाहून केंद्र सरकार काही वर्गांना सूट देऊ शकतं. पण ते कलम शेवटपर्यंत वाचा. सूट मिळते ती कलम ५ (सूचना देणं), ८(३) (अचूकता), ८(७) (डेटा पुसणं), १० आणि ११ यांतून. सुरक्षेचं ८(५) आणि फुटीची खबर देण्याचं ८(६) त्या यादीत नाहीत. म्हणजे सूट मागितली, मिळालीही, तरी ज्या दंडाची धास्ती होती तो तसाच राहतो.

मग मागायचं काय? दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या परिच्छेदांत. एक, कलम १७(३) खाली एका डॉक्टरच्या दवाखान्यांचा वर्ग अधिसूचित करा. दोन, सुरक्षेच्या नियमात लहान दवाखान्याला झेपेल अशा किमान उपायांची यादी द्या, म्हणजे 'पुरेशी सुरक्षा' कशाला म्हणायचं हे आधीच ठरेल. पहिल्यासाठी अधिसूचना लागते, दुसऱ्यासाठी नियमाचा मजकूर. दोन्ही सरकारच्या हातात आहेत.

वयाचंही असंच. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण 'मूल', ही व्याख्या कायद्यात आहे. किशोरवयीनांसाठी काम करणाऱ्या अनेकांना सोळाची मर्यादा हवी असते, आणि नियमांच्या सल्लामसलतीत तीच मागणी पानंच्या पानं लिहिली जाते. दार आहे ते कलम ९(५) मध्ये: डेटा पडताळता येईल इतक्या सुरक्षितपणे हाताळला जात असेल, तर सरकार त्या डेटा फिड्युशरीसाठी कमी वय अधिसूचित करू शकतं.

तपासणी: प्रत्येक मागणीपुढे कायदा, नियम किंवा अधिसूचना यांपैकी एक शब्द लिहिलेला आहे का? 'कायदा' लिहिलेल्या मागण्या काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्या खासदारांसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी.

४. अनुभवाचा पुरावा करा

तुमच्याकडे जे आहे ते दिल्लीतल्या सल्लागार कंपनीकडे नसतं: ओपीडीची रांग, आशाताईंचा मोबाइल, रेंज जाणारं उपकेंद्र, नातवाच्या फोनवर ओटीपी घेणारी आजी. पण 'ग्रामीण भागात अडचणी येतात' हे वाक्य लाखो पत्रांत असतं. त्याऐवजी मोजा. पंधरा दिवस एक साधी वही ठेवा. आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदी जोडणारा डिजिटल ओळख क्रमांक) काढताना संमतीचा मजकूर रुग्णाला त्याच्या भाषेत दाखवला गेला का? ओटीपी कोणाच्या फोनवर आला? एका नोंदणीला किती मिनिटं लागली? किती जणांनी नकार दिला आणि त्यानंतर त्यांना सेवा मिळाली का?

आकडा लहान असला तरी चालतो, लपवू मात्र नका. 'आमच्या एका उपकेंद्रात, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, नोंदवलेल्या इतक्या व्यक्तींपैकी इतक्या' असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्याची मर्यादा कळते आणि विश्वासही बसतो. तोच आकडा 'महाराष्ट्रातील बहुसंख्य रुग्ण' म्हणून फुगवला की संपलं.

इशारा: पुरावा म्हणून केसपेपरचा फोटो, आभा क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट किंवा रुग्णाचं नाव अजिबात जोडू नका. 'गाव, वय, आजार' एवढ्यावरूनही लहान गावात माणूस ओळखू येतो. गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहा, वयाऐवजी वयोगट. खासगीपणासाठी पाठवलेल्या निवेदनातूनच खासगीपणा फुटला तर पुढे तुमचं कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

सरकारी नोकरीत किंवा कंत्राटावर असलेल्यांनी वैयक्तिक नावाने आतली कागदपत्रं जोडण्याआधी सेवाशर्ती वाचाव्यात. संघटनेच्या नावाने पाठवणं जास्त सुरक्षित.

५. तीनच मागण्या ठेवा

यादी वीस मुद्द्यांची झाली असेल. तीन निवडा, फार तर पाच. निवडताना दोन प्रश्न: हे आपल्याशिवाय दुसरं कोणी सांगणार आहे का? आणि हे न बदलल्यास आपल्या माणसांचं प्रत्यक्ष काय बिघडेल? डेटा देशाबाहेर नेण्याबद्दल मोठ्या कंपन्या पानंच्या पानं लिहितात, त्यात तुमची भर नको. आशाताईच्या स्वतःच्या फोनमधल्या नोंदींची जबाबदारी कोणाची, हे मात्र तुम्हीच लिहू शकता.

मागणी नकारार्थी नको. 'हा नियम रद्द करा' असं म्हणायचंच असेल तर त्याखाली लगेच लिहा, 'तसं शक्य नसल्यास पुढीलप्रमाणे बदल करावा'. काही कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटते. मला वाटत नाही. मूळ विरोध कायम ठेवूनही पर्याय देता येतो, आणि तो दिला नाही तर तुमच्या मुद्द्यावर दुसऱ्याचा पर्याय बसतो.

६. कलमनिहाय तक्ता करा

निवेदनाचा जीव या तक्त्यात आहे, बाकीची पानं त्याची पाठराखण करतात. चार रकाने: नियम किंवा कलमाचा क्रमांक, मसुद्यातला मूळ मजकूर, तुम्ही सुचवलेला मजकूर, कारण. २०२२ च्या डेटा विधेयकावर सूचना मायगव्ह या केंद्राच्या लोकसहभाग पोर्टलवर प्रकरणनिहाय मागवल्या होत्या, २०२५ च्या नियमांवर नियमनिहाय. तक्ता तयार असेल तर तो तसाच चौकटींत चिकटवता येतो. नसेल तर शेवटच्या रात्री दहा पानी पत्राचे तुकडे पाडत बसावं लागतं.

नमुना पाहा. जानेवारी २०२५ च्या मसुद्यातल्या चौथ्या अनुसूचीत मुलांच्या डेटाबाबत काहींना सूट होती. रुग्णालय, मानसिक आरोग्य संस्था किंवा आरोग्य व्यावसायिक मुलाला सेवा देताना, त्याच्या आरोग्याच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढाच डेटा हाताळत असेल, तर पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट लागू नाही. आता एखादी सामाजिक संस्था प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून किशोरवयीनांसाठी मानसिक आधाराची हेल्पलाइन चालवते. ती रुग्णालय नाही, फोन घेणारा आरोग्य व्यावसायिक नाही. घरातल्याच माणसाबद्दल सांगायला मुलगी फोन करते, आणि तिची नोंद ठेवण्यासाठी त्याच घरची संमती लागू शकते.

रकाने असे भरतील:

क्रमांक: चौथी अनुसूची, भाग अ, नोंद १.

मूळ मजकूर: राजपत्रातला जसाच्या तसा, स्वल्पविरामासकट. भाषांतर करू नका, सारांश नको.

सुचवलेला मजकूर: 'आरोग्य व्यावसायिक' या शब्दांनंतर 'किंवा केंद्र अथवा राज्य शासनाची मान्यता असलेली मानसिक आरोग्य हेल्पलाइन' हे शब्द घालावेत. अटीच्या रकान्यात पुढील वाक्य जोडावं: 'अशा हेल्पलाइनने मुलाचा डेटा जाहिरातीसाठी वापरू नये व अन्य कोणालाही देऊ नये, कायद्याने माहिती देणं बंधनकारक असेल तो प्रसंग अपवाद.'

कारण: चार-पाच ओळी. कोणाला अडचण, कशी, तुमच्या वहीतला आकडा आणि ही सूट कायद्याच्या कलम ९(४) च्या चौकटीत कशी बसते.

सुचवलेल्या मजकुरात संस्थेने स्वतःवरही बंधन घालून घेतलंय, हे पाहिलंत? सूट मागणाऱ्याने सोबत अट आणली की मागणी मान्य करणं सोपं जातं. नुसती सूट मागितली की पळवाट शोधल्याचा वास येतो. 'कायद्याने बंधनकारक' हा अपवादही मुद्दाम घातलाय. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं सक्तीचं असताना 'कोणालाही देऊ नये' एवढंच लिहिलं असतं, तर पहिल्याच वाचनात सूचना बाद झाली असती.

नेहमीच्या चुका: 'योग्य ते बदल करावेत' असं लिहून मजकूर न देणं. 'इत्यादी', 'शक्यतो', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द सुचवलेल्या मजकुरात घालणं. मसुद्यात व्याख्या नसलेला शब्द वापरणं. जुन्या मसुद्याचा क्रमांक टाकणं. ही शेवटची चूक सगळ्यात सर्रास होते, कारण दोन आवृत्त्यांत क्रमांक सरकतात. याच नियमांच्या मसुद्यात मुलांच्या आणि दिव्यांग व्यक्तींच्या संमतीची तरतूद एकत्र होती, अंतिम नियमांत ती वेगळी झाली आणि पुढचे क्रमांक एकाने वाढले.

तपासणी: सुचवलेला मजकूर मूळ वाक्यात बसवून मोठ्याने वाचा. वाक्य मोडत असेल तर परत लिहा. मग हा विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला विचारा, 'यातून वाईट माणूस काय करू शकेल?' उत्तर ऐकून अट घट्ट करा.

७. सही कोणाबरोबर करायची

एकाच मजकुराची हजार पत्रं पाठवण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या संघटनांनी आपापल्या अनुभवासह एकच दुरुस्ती मागणं अधिक परिणामकारक असतं. पत्रांची संख्या भेटीची वेळ मिळवायला उपयोगी पडते, शब्द बदलायला नाही. संघटित बळ चालतं, हे मात्र खरं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नवे विनियम काढले. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटना उठल्या आणि तीन आठवड्यांत ते स्थगित झाले. पण त्यात दूरवैद्यक सल्ल्याचे नियमही होते, तेही सोबत गेले. औषध दुकानदारांनी २८ सप्टेंबर २०१८ ला देशभर बंद पाळला, पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि ऑनलाइन औषधविक्रीचे ते नियम रखडले. त्यामुळे विक्री थांबली नाही, तिला नेमके नियम मात्र मिळाले नाहीत. अडवण्याची ताकद आणि घडवण्याची ताकद वेगवेगळी असते. सहीआधी आपल्याला कोणती हवी ते ठरवा.

कोणाकडून निधी घेता, कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरता, पदाधिकाऱ्यांपैकी कोणाचे कुठे हितसंबंध आहेत, हे दोन ओळींत स्वतःहून लिहा. एखाद्या ॲप कंपनीने 'आम्ही ड्राफ्ट करून देतो, तुम्ही फक्त लेटरहेड द्या' म्हटलं, तर नको म्हणा. तिची मागणी तुमच्या रुग्णांच्या हिताची असली तरीसुद्धा.

८. भाषा, आणि प्रत्यक्ष पाठवणं

केंद्राचा मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत येतो, मराठीत बहुधा नाही. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. तेव्हा मराठीत पाठवायला संकोच नको. पण तक्त्यातला सुचवलेला मजकूर मसुद्याच्या भाषेतच हवा, नाहीतर दुरुस्ती बसवायची कशी? व्यवहार्य मार्ग असा: सविस्तर निवेदन आणि अनुभव मराठीत, तक्ता इंग्रजीत, सोबत एका पानाचा इंग्रजी गोषवारा. संसदीय समित्या जाहिरातीतच इंग्रजी किंवा हिंदी मागतात, तिथे भाषांतर जोडाच.

मसुदा मराठीत द्या अशी मागणी पहिल्याच आठवड्यात, वेगळ्या पत्राने करा. २०२० मध्ये पर्यावरणाच्या एका मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं, त्याचा दाखला देता येतो. केंद्राने त्या आदेशाला आव्हानही दिलं होतं, म्हणून त्यावर विसंबून मुदत घालवू नका.

पाठवण्याची पद्धत सूचनेत दिली असेल तीच पाळा. पोर्टल सांगितलं असेल तर आधी पोर्टल, मग हवं तर ईमेल आणि स्पीड पोस्ट. पोर्टलवर प्रत्येक चौकट भरल्यावर स्क्रीनशॉट घ्या. ईमेलच्या विषयात अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक घाला. पीडीएफ स्कॅन केलेली नको, शब्द शोधता येतील अशी हवी. पोच मागा, नाही आली तर तीन दिवसांनी परत मागा.

इशारा: प्रत जाहीर करावी की नाही हे निवेदन कुठे दिलं यावर अवलंबून आहे. २०२२ च्या डेटा विधेयकाच्या वेळी मंत्रालयाने आलेल्या सूचना उघड करणार नाही असं आधीच सांगितलं होतं. अशा वेळी आपली प्रत आपणच संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे काय मागितलं होतं त्याची सार्वजनिक नोंद राहते. संसदीय समितीला दिलेलं निवेदन मात्र समितीचा गोपनीय दस्तऐवज होतं. ते वाटणं किंवा छापणं हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. दोन्हीकडे एकच सवय लावून घेतलीत तर एकीकडे नुकसान होईल.

समितीसमोर प्रत्यक्ष बोलायचं असेल तर निवेदनातच तसं स्पष्ट लिहा. नंतर कळवलेलं धरतातच असं नाही.

९. पाठवल्यानंतर

बहुतेकांचं काम इथे थांबतं. खरं तर इथून पुढे गर्दी कमी असते.

पहिल्या पंधरा दिवसांत तुमच्या खासदारांना आणि आमदारांना दोन पानांचा गोषवारा द्या, सोबत त्यांनी विचारता येईल असा प्रश्न तयार लिहून. राज्याच्या विषयात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी, केंद्राच्या विषयात संसदेतला प्रश्न. प्रश्न लहान ठेवा: किती सूचना आल्या, नियम क्रमांक अमुकवर किती, त्यांचं काय केलं. ठणकावून भाषण करता येईल असा मजकूर दिलात तर भाषण होईल, उत्तर मिळणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(क), म्हणजे इंग्रजीतल्या ४(१)(c) प्रमाणे लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करणं सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, आणि पूर्व-विधायी धोरणात सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकण्याची अपेक्षा आहे. अर्जात 'सर्व सूचनांच्या प्रती द्या' असं मागू नका, नकार सोपा होतो. 'अमुक नियमावर आलेल्या सूचनांचा तयार केलेला गोषवारा आणि त्यावरची कार्यालयीन टिप्पणी' एवढंच मागा.

अंतिम नियम आल्यावर त्याच दिवशी मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून तुमचा तक्ता परत उघडा. पाचवा रकाना जोडा: स्वीकारलं, अंशतः, नाही. डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मंत्रालयाने ६,९१५ सूचना आल्याचं सांगितलं आणि अंमल टप्प्याटप्प्याने ठेवला: मंडळासंबंधीचे नियम लगेच, संमती व्यवस्थापकांचे (लोकांच्या वतीने संमती देण्या-काढण्याची सोय चालवणाऱ्या संस्था) एका वर्षाने, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी. असा टप्पा असला की कलम १७(३) किंवा ९(५) खालच्या अधिसूचना मागायला वेळ हातात असतो, आणि वर मुद्दा ३ मध्ये ज्यांच्यापुढे 'अधिसूचना' लिहिलं होतं त्या मागण्या तेव्हा बाहेर काढायच्या.

नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर मांडले जातात आणि ठरलेल्या काळात सभागृहं ते बदलू किंवा रद्द करू शकतात. असं क्वचितच घडतं. तरी नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीकडे, नियम मूळ कायद्याच्या पलीकडे गेलाय असं दाखवणारं निवेदन देता येतं. तिथे 'हे आम्हाला जाचक आहे' चालत नाही, 'कायद्याने हा अधिकार दिलेलाच नाही' हेच दाखवावं लागतं. न्यायालयात जायचं झालं तरी युक्तिवादाची सुरुवात तिथूनच होते, आणि तेव्हा वकील पहिल्यांदा मागतात ती तुमची तारीखवार फाइल: राजपत्र, तक्ता, पोच, स्क्रीनशॉट, माहिती अधिकाराचं उत्तर. ती एकाच्या मोबाइलमध्ये न ठेवता संघटनेच्या सामायिक खात्यात ठेवा. पदाधिकारी बदलले की मोबाइलही जातो.